गोगलगायींचा बंदोबस्त

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. कारण विशेष काही नाही, नेहमीचाच आळस. पण मागच्या आठवड्यात लेकीचा पुण्याहून फोन आला आणि तिने सहज विचारलेल्या एका प्रश्नाने मला लिहायला बसवलं.

"बाबा, माझ्या फिशटँकमध्ये गोगलगायी झाल्यात हो. शंभर तरी असतील. आपल्याकडे चंद्रपूरला झाल्या होत्या तेव्हा तुम्ही काय केलं होतं?"

मी म्हटलं, "आठवून सांगतो." खरं तर आठवायचं काही नव्हतं. सगळं लख्ख आठवतंय. त्या वेळी मी जे केलं ते तिला कधी सांगितलंच नाही, एवढंच. ते आज सांगणार आहे. पण त्याआधी थोडा इतिहास सांगतो. (नातेवाईक मंडळींनी वैतागू नये, मला सरळ गोष्ट सांगता येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. :) )

तर झालं असं की २००९ साली, लेक चौथीत असताना, आम्ही दोन फुटी काचेची टाकी घेतली. त्यात दोन गोल्डफिश. एकीचं नाव चिंगी, दुसऱ्याचं भोपळ्या. शिवाय सात-आठ गप्पी. दुकानातली प्लास्टिकची झाडं मला पटेनात, म्हणून नागभीडच्या पुढे माझ्या मामाचं गाव आहे तिथल्या बोडीतून मी खरी पाणवनस्पती उपटून आणली. आमच्या झाडीपट्टीत गावागावाला तलाव आणि बोड्या आहेत. मालगुजारांच्या काळातले तलाव, ज्यांना सरकारी भाषेत 'माजी मालगुजारी' आणि लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' म्हणतात, ते पूर्व विदर्भातल्या चार जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांवर भरतात. तेव्हा वनस्पतीला काय तोटा! पिशवीभर आणली, नळाखाली धरली, टाकीत रोवली. फारच छान दिसली.

पंधरा दिवसांनी काचेवर मोहरीएवढे ठिपके चालताना दिसले. महिन्याभरात काचेतून मासे दिसेनासे झाले.

पुढे मी भिंग घेऊन बसायला लागलो तेव्हा कळलं की या एकाच जातीच्या नव्हेत, तीन जाती आहेत. पहिली चकलीसारखी चपटी गुंडाळलेली. ती आपल्या बोडीतली, इंडोप्लॅनॉर्बिस. दुसरी बारीक सुळकेदार शंखासारखी, दिवसा वाळूत दडून बसणारी. ती मेलानॉइडिस. तिचं शास्त्रीय वर्णन म्यूलर या डॅनिश अभ्यासकाने १७७४ साली केलं, तेही आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून. म्हणजे ही मूळची इकडचीच. विसाव्या शतकात शोभेच्या माशांच्या व्यापाराबरोबर ती अमेरिकेत पोचली आणि तिथल्या लोकांच्या डोक्याला ताप झाली. तिसरी फुग्यासारखी, पातळ कवचाची. तिचं कवच डावीकडे उघडतं, म्हणजे ती डावखुरी. ही फायसा. हिचं वर्णन द्रापार्नो याने १८०५ साली फ्रान्समधल्या गारोन नदीतल्या नमुन्यांवरून केलं, म्हणून बरीच वर्षं ती युरोपातली समजली जायची. मूळची ती अमेरिकेची. ती मात्र बोडीतून आली नसावी, माशांच्या पिशवीबरोबर दुकानातून आली असणार. एक आपल्याकडून तिकडे गेलेली आणि एक तिकडून आपल्याकडे आलेली, दोघींची गाठ पडली आमच्या तुकूम भागातल्या बैठकीच्या खोलीत!

यांतल्या प्रत्येकीची एकच पुरते. चपटी आणि फुगेवाली या दोघी उभयलिंगी, वेळ पडली तर एकटीनेच अंडी घालतात. सुळकेवालीला तर नर लागतच नाही आणि ती थेट पिल्लंच देते. 'गोगलगाय अन् पोटात पाय' असं आपण म्हणतो. जीवशास्त्रात या वर्गाचं नावच 'उदरपाद' आहे, त्याचाही अर्थ तोच. म्हणीत लबाडीचा जो भाव आहे तो मला त्या उन्हाळ्यात पुरता पटला.

आता इतिहास.

घरात काचेच्या टाकीत मासे पाळायची कल्पना फार जुनी नाही. चीनमध्ये गोल्डफिश शेकडो वर्षं पाळत, पण हौदात आणि मातीच्या भांड्यांत, आणि पाणी वरचेवर बदलून. पाणी न बदलता मासे जगवायचे कसे, हा प्रश्न लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हातात घेतला. हा गृहस्थ तिथल्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत काम करायचा. त्याने काचेच्या मोठ्या भांड्यात पाणी भरलं, तळाला वाळू आणि चिखल घातला, दोन गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही रिबिनीसारख्या पानांची वनस्पती लावली. हिशोब सोपा होता. मासे श्वासातून जो वायू सोडतील तो वनस्पती घेईल, आणि वनस्पती प्राणवायू देईल.

काही दिवस ठीक चाललं. मग जुनी पानं कुजायला लागली, पाण्यावर आणि काचेवर हिरवा बुळबुळीत थर धरला, पाणी गढूळ झालं आणि माशांच्या जिवावर बेतलं. प्रयोग फसायच्या बेतात आला. तेव्हा वॉरिंग्टनने काय केलं असेल? त्याने पाच-सहा गोगलगायी आणून त्यात सोडल्या! त्यांनी कुजकी पानं खाल्ली, काचेवरचा थर खरवडला, पाणी स्वच्छ झालं. त्यांनी भरपूर अंडी घातली आणि ती माशांना खायला झाली. मार्च १८५० मध्ये त्याने हे सगळं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे वाचून दाखवलं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून टाकीपाशी गेलो होतो. मासे आणि वनस्पती एवढ्यावर टाकी चालत नव्हती, गोगलगाय आली तेव्हा ती चालली. ज्या प्राण्याला हाकलायला मी जंग जंग पछाडलं, त्याच्याशिवाय घरगुती मत्स्यालय हा प्रकारच कदाचित सुरू झाला नसता.

पुढे हे वेड फार वेगाने पसरलं. इंग्लंडमधला काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना बघायला माशांचं दालन उघडलं, १८५४ मध्ये गॉस या निसर्गअभ्यासकाचं पुस्तक आलं आणि घरोघरी टाक्या झाल्या. आपल्याकडे मराठी मुलांना काचेमागचा मासा पहिल्यांदा दाखवला तो बहुतेक मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. त्याचं उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झालं. आमचे बाबा एकदा कामानिमित्त मुंबईला गेले होते, ते चौपाटी आणि तारापोरवाला एवढंच बघून आले आणि आम्हाला वर्षभर सांगत राहिले. टाकी घ्यायची हौस माझ्यात तिथूनच आली असणार.

मग गोगलगाय मदतनीस होती ती शत्रू कधी झाली? हे घडलं टाकीच्या बाहेर, गोठ्यात आणि दवाखान्यात.

१८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत इंग्लंडमध्ये थॉमस आणि जर्मनीत लॉयकार्ट या दोघांनी स्वतंत्रपणे शोधून काढलं की मेंढ्यांचं यकृत पोखरणारा चपटा कृमी आपलं अर्धं आयुष्य गोगलगायीत काढतो. इजिप्तमध्ये लघवीतून रक्त जाण्याचा रोग फार जुना. त्याचा कृमी बिलहार्झ या जर्मन डॉक्टरला १८५१ मध्ये कैरोत सापडला होता, पण तो माणसात शिरतो कुठून हे कोडं सुटायला १९१५ साल उजाडलं. लायपर या इंग्रज डॉक्टरने दाखवून दिलं की तोही गोड्या पाण्यातल्या गोगलगायीतून बाहेर पडतो आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून आत घुसतो. मग काय, गोगलगाय मारा म्हणजे रोग जाईल, असा सोपा हिशोब मांडला गेला. १९२० साली अमेरिकेत चँडलर याने त्यासाठी स्वस्त आणि जालीम औषध सुचवलं, कॉपर सल्फेट. म्हणजे आपलं मोरचूद.

मोरचूद विदर्भात कोणाला सांगायला नको. संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रण लागतं, त्यात मोरचूद आणि चुनाच असतो. ते मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो शहरात मिलार्दे याने १८८५ मध्ये पुढे आणलं, आणि बोर्डो शहर वसलंय गारोन नदीवर, म्हणजे आमच्या डावखुऱ्या फायसाचं वर्णन जिच्यावरून झालं त्याच नदीवर. याला काही अर्थ नाही, नुसता योगायोग आहे, पण मला मजा वाटली म्हणून सांगितलं.

आपल्या महाराष्ट्रातही एक गाव या भानगडीत आलं होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातलं गिमवी. इजिप्तसारखाच लघवीतून रक्त जाण्याचा रोग तिथे आढळल्याचं गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलं. भारतात असा रोग मुळात नाही अशी समजूत होती, त्यामुळे खळबळ उडाली. पुढे १९५५ मध्ये त्यांनी प्रयोगांवरून तिथल्या गोगलगायीकडे बोट दाखवलं. तिचं नाव फेरिसिया. टोपीच्या आकाराची, जेमतेम काही मिलिमीटरची, पानाला चिकटलेली असली तर डाग वाटावा अशी. १९८१ मध्ये गिमवीचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हा रोग पुढे देशात पसरला नाही आणि गिमवीत नेमकं काय घडलं होतं यावर तज्ज्ञांची चर्चा नंतरही होत राहिली. पण या फेरिसियाची भावंडं आज जगभरच्या हौशी लोकांच्या टाक्यांमध्ये काचेवर चिकटलेली दिसतात आणि लोक त्यांना फडक्याने पुसून टाकतात.

बोडीतून आणलेल्या माझ्या चपट्या गोगलगायीचीही कुंडली काही साधी नाही. गाई-बैलांच्या नाकात गाठी येऊन ती घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागतात, तो रोग ज्या कृमीमुळे होतो त्याचं वर्णन मद्रास इलाख्यात राव यांनी १९३३ साली केलं. त्या कृमीचं पाण्यातलं घर म्हणजे हीच इंडोप्लॅनॉर्बिस. धानाच्या बांधीत रोवणी करताना बायांच्या पायांना जी खाज सुटते, त्यामागेही पुष्कळदा गोगलगायीतून निघालेली असलीच जनावरांच्या कृमींची पिल्लं असतात. ती माणसात वाढू शकत नाहीत, कातडीतच मरतात, पण खाजवून खाजवून जीव नकोसा करतात. मामी रोवणीहून आली की पायांना तेल चोळत बसायची ते मला आठवतं. आम्ही समजायचो चिखलाने होतं.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कृमी गोगलगायीत आपोआप उपजत नाही. आजारी माणसाची लघवी किंवा आजारी जनावराचं शेण, शेंबूड पाण्यात पडल्याशिवाय तिला तो लागतच नाही. म्हणजे साखळीची एक कडी गोगलगाय आणि दुसरी आपण. मारायचं ठरलं तेव्हा मात्र तिलाच मारायचं ठरलं, कारण ते सोपं होतं.

मारायच्या युक्त्या आपल्या रानातही होत्या. मोहाच्या बियांतून तेल काढल्यावर जी पेंड उरते ती मत्स्यशेती करणारे लोक तळ्यात बोटुकली सोडण्याआधी टाकतात, हेक्टरी दोन-अडीच हजार किलो. त्यातल्या सॅपोनिन या साबणासारख्या द्रव्याने तळ्यातले नको असलेले मासे मरतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच पेंडीचं खत होतं. आपल्याकडच्या माळावरचं हिंगणबेट हे काटेरी झाड बघा. त्याच्या फळातही सॅपोनिन असतं, पूर्वी त्याने कपडे धूत. सुदानमध्ये याच झाडाच्या फळाने गोगलगायी मरतात असं आर्चिबाल्ड याने १९३३ मध्ये लिहिलं. इथिओपियात १९६४ साली अकलिलू लेम्मा या तरुण डॉक्टरला दिसलं की नदीवर बाया 'एंडोड' नावाच्या फळांनी कपडे धुतात तिथून खाली मेलेल्या गोगलगायींचा खच पडलेला आहे. तेही सॅपोनिनच. त्याने त्यावर सारं आयुष्य घालवलं. थोडक्यात, गोगलगाय मारणं अवघड कधीच नव्हतं. फक्त तिला एकटीलाच मारणं कोणाला जमलं नाही. तांबं असो की सॅपोनिन, कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या माशालाही ते सोडत नाही.

मग काहींनी विषाऐवजी शत्रू आणला. आफ्रिकेतली मोठी गोगलगाय बेन्सन नावाच्या इंग्रजाने १८४७ साली मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि तिथून ती आपल्या देशात पसरली. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनची कोवळी रोपं जिने फस्त केली ती हीच. हिला खायला म्हणून हवाई बेटांवर १९५५ मध्ये फ्लोरिडातली शिकारी गोगलगाय सोडली. तिने मोठीला फारसं काही केलं नाही, बेटांवरच्या झाडांवर राहणाऱ्या सुंदर छोट्या गोगलगायी मात्र खाऊन संपवत आणल्या. आपल्या टाकीवाल्यांचाही एक लाडका शत्रू आहे, पट्टेरी लोच मासा, बोटिया स्ट्रायटा. गोगलगायी खातो म्हणून जगभर विकला जातो. तो राहतो कुठे, तर महाराष्ट्र-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत, आणि जगात दुसरीकडे कुठेच नाही. आज त्याची नोंद संकटग्रस्त माशांत आहे, आणि शोभेसाठी होणारी पकड हे त्याचं एक कारण. कोणाच्या तरी बैठकीतल्या काचेवरचे ठिपके जावेत म्हणून आपल्या ओढ्यातला मासा कमी होतोय!

असो. आता माझी गोष्ट.

त्या २००९ च्या एप्रिलमध्ये मी मामाच्या गावी गेलो असताना बोडीवर ज्यांची शिंगाड्याची वेल असायची त्या ढिवर आजोबांना विचारलं, की गोगलगायी मारायला तुम्ही काय टाकता? ते जाळं विणत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "कायले मारता जी त्याईले? खायले जास्त भेटते म्हून होतेत. खायले कमी द्या, आपोआप कमी होतीन."

मी हसलो. टाकी आणि बोडी यांत फरक आहे, असं मनात म्हटलं.

चंद्रपूरला परत आलो तर गोगलगायी दुप्पट. मे उजाडला. आमचा मे कसा असतो ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही, पारा ४६-४७ ला जातो आणि रात्रीही टाकीचं पाणी कोमटच राहतं. मी कुठेतरी मोरचुदाबद्दल वाचलं होतं. दुकानातून पुडी आणली, पाण्यात विरघळवली आणि अंदाजाने, हो, निव्वळ अंदाजाने, टाकीत ओतली. लेक आजीकडे गेली होती. ती यायच्या आत काच स्वच्छ करून तिला चकित करायचं असा बेत होता.

संध्याकाळपर्यंत गोगलगायी काच सोडून तळाला पडल्या. मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गप्पी पाण्यावर तोंड काढून होते. दुपारपर्यंत सगळे गेले. भोपळ्या रात्री गेला, चिंगी त्याच्या दुसऱ्या दिवशी.

नेमकं काय झालं ते नंतर वाचून कळलं. एक तर तांबं थेट माशाच्या कल्ल्यांवर घाव घालतं. दुसरं, चंद्रपूरचं बोअरचं पाणी जड, ते माशांना चांगलं नाही असं समजून मी टाकीत मशीनमधलं गाळलेलं, मऊ पाणी भरत होतो. जड पाण्यात तांब्याची बाधा कमी होते, मऊ पाण्यात कितीतरी वाढते. म्हणजे माझ्याच हुशारीने विष दुप्पट झालं. तिसरं, शेकडो गोगलगायी एकदम मेल्या आणि वाळूत कुजल्या. त्यातून अमोनिया सुटला, पाण्यातला प्राणवायू संपला. कोमट पाण्यात तो आधीच कमी असतो.

लेक आली. मी तिला सांगितलं, "उन्हाने गेले गं. या वर्षी फारच ऊन होतं." तिने विश्वास ठेवला. तिने दोघांना अंगणातल्या जास्वंदीखाली पुरलं आणि कितीतरी दिवस उन्हाला नावं ठेवत होती. "बाबा, आपण कूलर टाकीकडे वळवायला हवा होता ना?" असं एकदा म्हणाली. आणि वाईट वाटून घेतलं ते तिने स्वतःलाच, कारण ती आजीकडे गेली होती. ते मी ऐकलं आणि तरीही गप्प राहिलो. इतक्या वर्षांनी मला मासे मेल्याचं जितकं लागत नाही तितकं हे लागतं.

गंमत म्हणजे गोगलगायी संपल्या नाहीत. जेलीत गुंडाळलेली अंडी कुठेतरी वाचली असतील, किंवा वाळूत खोल दडलेल्या सुळकेवाल्या. टाकी पूर्ण धुवून, पाणी बदलून जुलैत पुन्हा गप्पी आणले, आणि ऑगस्टमध्ये काचेवर मोहरीचे ठिपके हजर. या खेपेला मी ढिवर आजोबांचं ऐकलं. आधी दिवसातून तीनदा चिमूटभर खाणं टाकत होतो (मुलं, पाहुणे टाकायचे ते वेगळंच), ते एकदाच केलं, आणि तेही मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच. कुजकी पानं रोज काढली. रात्री दुधीची उकडलेली फोड दोऱ्याला बांधून सोडायची, सकाळी तिला लगडलेल्या पन्नास-साठ गोगलगायींसकट वर ओढायची. मराठवाड्यातले शेतकरी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट बांधावर ठेवून हेच करतात. दिवाळीपर्यंत काचेवर चार-पाच उरल्या. त्यांना मी राहू दिलं. त्या काच साफ करायच्या, अंडी गप्पी खायचे. वॉरिंग्टनची टाकी आमच्या घरात चालू झाली, १५९ वर्षांनी.

गप्पींवरून आठवलं. गडचिरोलीकडे मलेरियासाठी आरोग्य खातं याच गप्पींना डबक्यांत सोडतं, डासांच्या अळ्या खायला. ज्या गप्पी साहेबांचं नाव या माशाला मिळालं ते त्रिनिदादचे, आणि त्यांचा खरा अभ्यास माशांचा नव्हताच. तो होता शंखशिंपल्यांचा आणि गोगलगायींचा!

टाकीचं गणित मला मोठ्या पाण्यातही दिसायला लागलं. आमचा रामाळा तलाव गोंड राजांच्या काळातला, शहराच्या मधोमध. नाल्यांचं सांडपाणी त्यात येत राहिलं आणि इकॉर्नियाने, म्हणजे जलपर्णीने, तो वेळोवेळी झाकून गेला. इकॉर्निया काढायचा, पुन्हा यायचा. २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इको-प्रोचे बंडू धोतरे रामाळ्यासाठी उपोषणाला बसले तेव्हा त्यांच्या मागण्यांत सांडपाण्याचा बंदोबस्तही होता. म्हणजे खाणं कमी करा. ढिवर आजोबा जाळं विणता विणता म्हणाले होते ते हेच.

तर बेटा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मोरचूद आणू नकोस. गोगलगायी मारायची म्हणून जी बाटली दुकानात मिळते तिच्यावर तांबं लिहिलेलं आहे का ते वाच, आणि असेल तर ठेवून दे. खाणं निम्मं कर. दुधीची फोड लाव. नवीन वनस्पती आणलीस तर तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेव, आणि रोज भिंगाने पानांची मागची बाजू बघ. काढलेल्या गोगलगायी मुठेत किंवा नाल्यात टाकू नकोस, मिठाच्या पाण्यात टाक आणि मग कचऱ्यात. सगळ्या जाणार नाहीत. चार राहिल्या तर राहू दे.

आणि चिंगी-भोपळ्या उन्हाने गेले नव्हते. तू आजीकडे गेलीस म्हणूनही गेले नव्हते. ते माझ्याकडून गेले. हे तुला फोनवरच सांगायला हवं होतं, पण फोनवर जमलं नाही, म्हणून इथे लिहिलं. वाचलंस की फोन कर.

बाकी मंडळी, तुमच्याकडे कोणी दुधीऐवजी दुसरं काही लावून बघितलं असेल तर जरूर कळवा. कोबीचं पान चांगलं म्हणतात, मी अजून बघितलेलं नाही.